ख्रिस्ती अध्यात्म, मराठी (कॅथलिक परंपरा)

मराठीतून चालणारी कॅथलिक उपासना, मनन आणि धर्मोपदेश यांची सोळाव्या शतकाच्या अखेरीपासूनची परंपरा. गोवा, वसई-मुंबई आणि पुणे ही तिची प्रमुख केंद्रे. सर्वांत जुने लेखन गोव्याचे आहे.

क्रिस्तपुराण : कर्ते फादर थॉमस स्टीफन्स (1549–1619), जन्माने इंग्रज, जेझुइट. 24 ऑक्टोबर 1579 रोजी गोव्यात उतरले. पुढचे बहुतेक आयुष्य गोव्यातल्याच साष्टीत गेले. बाप्तिस्मा घेतलेल्यांची जुनी पुराणे सुटली होती. त्या जागी दुसरे काही हवे, ही मागणी ग्रंथारंभी एका श्रोत्याच्याच तोंडी येते. उत्तरादाखल फादर सृष्टीच्या उत्पत्तीपासून कथा सांगू लागतात. ‘पैले पुराण’ जुन्या कराराचे, ‘दुसरे पुराण’ येशूच्या चरित्राचे. मिळून सुमारे 11,000 ओव्या. पहिली आवृत्ती 1616 मध्ये राशोल (रायतूर) येथे निघाली, पुढच्या 1649 व 1654 मध्ये. तिन्ही रोमी लिपीत. देवनागरीत छापावे, अशी स्टीफन्स यांची इच्छा होती. रोमी लिपीला चोवीस अक्षरांचे साचे पुरतात, येथल्या लिपीला सहाशेच्या घरात लागतात, ही अडचण त्यांनी 1608 च्या पत्रात वरिष्ठांना कळवली होती. देवनागरीतील एक हस्तलिखित लंडनच्या मार्सडन संग्रहात आहे. त्यात पोर्तुगीज शब्दांऐवजी संस्कृत शब्दांवर भर दिसतो.

आद्य ख्रिस्ती परंपरेशी या ग्रंथाचे नाते रचनेत आहे. इ. स. 400 च्या सुमारास संत ऑगस्टीन यांनी कार्थेजच्या एका धर्मसेवकाला सल्ला दिला होता, की नवागताला सृष्टीच्या आरंभापासून चर्चच्या वर्तमानापर्यंत सलग कथा सांगावी आणि त्या कथेचे मर्म प्रेम हेच असावे. स्टीफन्स यांनी तो सल्ला समोर ठेवून लिहिले, असे म्हणता येणार नाही. साम्य मात्र ठळक आहे. ऑगस्टीन यांच्या काळी शास्त्र कानांनी ग्रहण केले जाई, आणि ओवीही म्हणण्या-ऐकण्यासाठीच असते. क्रिस्तपुराणाचे वाचन चर्चमध्ये व घरोघरी होई. मंगळूरकडच्या कुटुंबांतही ते चालत आले. म्हणूनच त्याची गणना केवळ ‘जुने वाङ्मय’ म्हणून करणे अपुरे आहे. तो उपासनेचा ग्रंथ आहे.

आधुनिक आवृत्त्यांत जोसेफ सालढाणा यांची (मंगळूर, 1907) आणि शांताराम बंडेलू यांची (पुणे, 1956) महत्त्वाची. दुसरीमुळे ग्रंथ देवनागरी वाचकांपर्यंत पोहोचला.

इतर पुराणे : एतिएन द ला क्रुवा या फ्रेंच जेझुइटाचे संत पीटरविषयक ओवीबद्ध पुराण (1629).

ऱ्हास : 1684 च्या पोर्तुगीज फर्मानाने स्थानिक भाषेच्या वापरावर बंधन आले. धर्मांतरातील सक्तीचा प्रश्न वादग्रस्त असून त्याचा विचार येथे केलेला नाही.

पुणे-आळंदी परिसर : पोपप्रणीत सेमिनरी 1955 मध्ये कँडीहून पुण्यात आली. याच परिसरात ज्ञानेश्वरांची पालखी आळंदीहून चऱ्होली फाट्यावरून पुण्याकडे येते; ती वारी आणि तिच्या दिंड्या यांचा अभ्यास गी दल्यूरी या फ्रेंच जेझुइटाने विठ्ठलसंप्रदायावरील ग्रंथात केला (डेक्कन कॉलेज, 1960). तुकोबांचे अभंगही त्यांनी फ्रेंचमध्ये नेले. एका कॅथलिक संन्याशाने वारकऱ्यांकडे शिष्य होऊन पाहिले, याचे मोल मोठे आहे.

वसई : फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले; 2020 मध्ये उस्मानाबादच्या 93 व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते.