मत्स्यविनोद आणि दख्खनचा गळ

गळानें मासे धरणें हा साहेबी छंद होय, असा आपल्यांतील सुशिक्षितांचा समज फार जुना आहे. मासे धरावे ते भोयांनीं व कोळ्यांनीं, तेही पोटासाठीं. आणि हौसेनें धरावे ते टोपीवाल्यानें, अशी वांटणी एकदां मनांत पक्की झाली म्हणजे त्या विषयाचा इतिहास आपल्या घरीं शोधण्याची कोणास गरज वाटत नाहीं. इंग्रजी वाङ्मयाचा ज्यांस परिचय आहे ते फार तर आयझॅक वॉल्टनचें नांव घेतात. त्याचा ‘कंप्लीट अँगलर’ हा ग्रंथ १६५३ सालीं निघाला. आणि त्याच्याही आधीं, १४९६ सालीं, डेम ज्युलियाना बर्नर्स या बाईंच्या नांवावर मोडणारा गळाविषयींचा निबंध इंग्लंडांत छापला गेला होता. हा जुनेपणा मान्य करूनही आम्हांस वाचकांचें लक्ष त्याहून साडेतीनशें वर्षें मागें न्यावयाचें आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, ज्यास भूलोकमल्ल असें बिरुद होतें, त्यानें इ. स. ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. पांच विंशति व प्रत्येकींत वीस अध्याय अशी त्याची मांडणी आहे. महाराष्ट्रांतील स्त्रिया कांडतांना ओव्या गातात, हा उल्लेख याच ग्रंथांत असल्यामुळें मराठीच्या अभ्यासकांस तो ठाऊक आहेच. परंतु ओवीपुरतें पान उघडून ग्रंथ मिटून ठेवण्याची आपली रीत झाली आहे. चौथ्या विंशतींत राजानें मन कशांत रमवावें तें सांगितलें आहे, आणि त्यांतील एक अध्याय ‘मत्स्यविनोद’ हा आहे. (विनोद म्हणजे हंसवणें हा अर्थ मागाहूनचा, येथें विनोद म्हणजे करमणूक.)

या अध्यायांत सोमेश्वर सुमारें पस्तीस जातींचे मासे सांगतो. समुद्रांतले कोणते, नदींतले कोणते, कोणाच्या अंगावर खवले असतात व कोणाच्या नसतात, हें तो वेगळें करतो. नंतर माशांस काय चारावें तें येतें. पेंडीचे व पिठाचे गोळे ठराविक जागीं टाकून मासे त्या पाण्यास लावावयाचे, पुष्ट करावयाचे, आणि मग गळ टाकावयाचा. दोरी कोणत्या तंतूंची वळावी, गळ कसा असावा, कोणत्या माशास कोणतें आमिष रुचतें, याचाही विचार त्यानें सोडलेला नाहीं. हें वर्णन ऐकीव माहितीवर लिहिलेलें नाहीं. ज्यानें काठावर बसून दोरीचा ताण बोटांस अनुभवला आहे, त्याचेंच तें असलें पाहिजे असें आमचें मत आहे. मानसोल्लासाची प्रत गजानन श्रीगोंदेकर यांनीं शोधून बडोद्याच्या गायकवाड ग्रंथमालेंत १९२५ पासून छापण्यास आरंभ केला व शेवटचा भाग १९६१ मध्यें निघाला. मत्स्यविनोदाचें महत्त्व मात्र प्रथम प्राणिशास्त्रज्ञांनीं ओळखलें. सुंदरलाल होरा यांचा त्यावरील लेख १९५१ चा, व नलिनी साधले आणि य. ल. नेने यांचा २००५ चा. वाङ्मयाच्या इतिहासकारांनीं त्याकडे पाहिलें नाहीं, याचें आम्हांस फारसें नवल वाटत नाहीं.

सोमेश्वराच्या गळास एक वस्तु मात्र नाहीं, आणि ती म्हणजे पिसांची माशी. त्याचें आमिष खाण्याजोगें असतें. माशीचा गळ ही शुद्ध फसवणूक आहे. तिचा जुना उल्लेख ईलियन या लेखकाचा, सुमारें इ. स. २०० चा: मासिडोनियांतील लोक गळास तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याचीं दोन पिसें बांधतात व नदीवर उडणाऱ्या एका किड्याचा आभास निर्माण करतात, असें तो सांगतो. या कलेंतील यंत्रही उलटें आहे. आपल्या नेहमींच्या गळांत शेवटीं शिशाचा तुकडा असतो व तो दोरीस ओढून नेतो. पिसाच्या माशीस वजन असें नसतेंच; म्हणून वजन दोरींत ठेवावें लागतें, आणि लवचिक काठी मागें-पुढें हालवून ती जड दोरीच हवेंत उलगडावी लागते. माशी तिच्या मागोमाग जाऊन पाण्यावर अलगद उतरते. खाऱ्या पाण्यावर हाच प्रकार जाड दोरीनें व न गंजणाऱ्या गळानें करतात. तेथें माशीच्या ऐवजीं रुपेरी धाग्यांचा लहान मासा बांधलेला असतो. आपल्या कोंकणच्या खाड्यांतील जिताडा भरती-ओहोटीच्या वेळीं अशा चमकत्या वस्तूवर झेपावतो.

दख्खनच्या नद्यांवर ही कला रुजली नाहीं, यास केवळ आळस कारण नव्हे. चार महिने पाणी गढूळ, त्यांत पिसाची माशी माशास दिसणार कशी? पुढें नदी आटत आटत डोहांपुरती उरते. स्वच्छ वाहत्या पाण्याचे दिवस थोडे. मंगळूरकडे कलेक्टर असलेल्या हेन्री सलिव्हन थॉमसनें १८७३ सालीं ‘द रॉड इन इंडिया’ लिहिलें, तें याच अडचणींतून वाट काढण्यासाठीं; महसीरासाठीं फिरता धातूचा चमचा हें हिंदुस्थानांतील साहेबांचें आवडतें हत्यार होऊन बसलें.

आतां बारामतीच्या बाजूस येऊं. माळेगांव बुद्रुक हें नीरेच्या खोऱ्यांतलें गांव. नीरा इंदापूर तालुक्याच्या टोंकाशीं नरसिंगपुरास भीमेस मिळते. या भीमेच्या व तिच्या उपनद्यांच्या माशांची पहिली शास्त्रीय यादी कर्नल विल्यम सायक्स यानें केली. मुंबई सरकारचा आंकडेशास्त्री म्हणून १८२४ ते १८३१ पर्यंत तो दख्खनांत फिरला, व १८३८ सालीं लंडनच्या प्राणिशास्त्रीय सभेपुढें त्यानें आपला निबंध ठेवला. त्यानें एक गोष्ट केली तिच्याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों. नव्या माशांस लॅटिन नांवें देतांना त्यानें नदीकाठच्या लोकांच्या तोंडचीं नांवें तशींच उचललीं. खुद्री, मुल्या, कोळस, बोगट, शिंगाळा, शिंगटी, नाकाडावर टेंगूळ असलेला नुक्ता, आणि रोहटी, जिच्यावरून तर अवघ्या प्रजातीचें नांव पडलें, हीं सारीं आज जगांतील प्रत्येक शास्त्रीय ग्रंथांत आहेत. ज्या भोयानें टोपलींतला मासा पुढें करून ‘खुद्री’ म्हटलें त्याचें नांव कोठेंच नाहीं, साहेबाचें आहे. खुद्री हा दख्खनचा महसीर. सायक्सनें तो पुण्याच्या पूर्वेस ‘मोटा मोला’ नदींत सांपडतो असें लिहिलें. मुळामुठेचा हा अवतार पाहून वाचकांस हंसूं येईल.

नीरेवर पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतां येतें. वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेला डावा कालवा १८८५ च्या सुमारास सुरू झाला व शंभर मैलांवर इंदापुराकडे पाणी घेऊन गेला. वर भाटघरचें नवें धरण १९२८ मध्यें पुरें झालें. माळेगांवच्या शिवारांत ऊंस आला, आणि १९५० नंतरच्या दशकांत सहकारी साखर कारखाना आला. कालव्यानें पोरांना घराजवळ पाणी दिलें. बांबूची काठी, सुताची दोरी, तरंगण्यास ज्वारीच्या ताटाचा तुकडा, आमिषास गांडूळ किंवा कणकेची गोळी, एवढ्यावर तेथें गळ चाले. सोमेश्वरानें तो पाहिला असता तर त्यास कांहीं समजावून सांगावें लागलें नसतें. परंतु खुद्री पावसाळ्यांत पुराबरोबर वर चढून वाळू-गोट्यांत अंडीं घालतो, आणि बांध त्याची ती वाटच अडवितो. भीमेवर १९८० सालीं उजनीचें धरण झालें. त्याच्या फुगवट्यांत, भिगवणच्या बाजारांत, आज आफ्रिकेंतून आलेली चिलापी ढिगानें विकली जाते, आणि खुद्री पाहिलेला माणूस शोधावा लागतो.

लोणावळ्यास मात्र या माशाची निराळीच कथा घडली. चं. वि. कुलकर्णी यांनीं तेथें खुद्रीच्या अंड्यांचा व वाढीचा अभ्यास करून १९७० च्या सुमारास प्रसिद्ध केला, आणि टाटांच्या वळवण येथील तलावाजवळ कृत्रिम रीतीनें पिल्लें तयार होऊं लागलीं. लक्षावधि पिल्लें परप्रांतीं गेलीं. हें काम प्रशंसनीय होतें यांत शंका नाहीं. पण तीं पिल्लें कावेरींतही सोडलीं गेलीं, जेथें वशिंडाचा महसीर म्हणून एक प्रचंड मासा मूळचा राहत होता. कावेरीवर गळ टाकून मासा परत सोडणाऱ्या हौशी मंडळींनीं १९९८ ते २०१२ पर्यंत आपल्या नोंदवह्या नीट ठेवल्या होत्या. त्या तपासतां असें दिसलें कीं, दख्खनचा निळ्या परांचा मासा वाढत गेला, व वशिंडाचा दुर्मिळ होत गेला. २०१८ मध्यें या दुसऱ्याचें शास्त्रीय नांव निश्चित झालें, आणि त्याच वर्षीं तो अत्यंत संकटग्रस्त म्हणून नोंदला गेला. खुद्रीवरचा संकटाचा शिक्का मात्र तेव्हांच उतरविण्यांत आला. ज्या छंदाची आपण टर उडवितों त्याच्या वह्यांनीं हा पुरावा दिला, शासकीय खात्यांच्या कागदांनीं नव्हे. उलट, खुद्री बाहेर निर्धास्त झाला म्हणून नीरेंत तो परत आला असें कोणी समजूं नये. यादी जगाची असते, डोह गांवाचा असतो.

डोहांची राखण आपल्याकडे देवानें केली आहे. देहूस इंद्रायणींत, आणि महाडजवळ वाळणकोंडींत, देवाचे मासे म्हणून कोणी गळ टाकीत नाहीं. वाळणकोंडींत खुद्रीचे थवे लोकांनीं टाकलेले चुरमुरे खाण्यासाठीं काठाशीं येतात, आणि त्यांचे तांबूस-सोनेरी खवले हातभर अंतरावरून मोजतां येतात.