‘घटक सापडला नाही’ : एका संदेशवाक्याचा इतिहास

मोठ्या उद्योगसंस्थांतील हिशेब, मालसाठा व वेतन यांचे व्यवहार ज्या संगणकीय आज्ञावल्यांवर चालतात, त्यांच्या बिघाडांत एक वाक्य वारंवार आढळते : ‘घटक सापडला नाही.’ वेतनाच्या दिवशी हे वाक्य पडद्यावर उमटले म्हणजे काम थांबते, आणि दोष आज्ञावली रचणाऱ्याचा, ती बसविणाऱ्याचा की वापरणाऱ्याचा, असा वाद उत्पन्न होतो. या वादाचे एक मूळ वाक्याच्या रचनेतच आहे. घटक कोणी शोधला, कोणत्या नावाने शोधला आणि कोठे शोधला, हे तिन्ही प्रश्न ते अनुत्तरित ठेवते. हे वाक्य संभवनीय केव्हा झाले आणि ते पूर्ण करण्याचे कोणते प्रयत्न झाले, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

१९४९ साली केंब्रिज विद्यापीठात एडसॅक हा संगणक कार्यान्वित झाला. वारंवार लागणाऱ्या गणनांचे तयार खंड तेथे छिद्रित कागदी फितींवर संगृहीत करण्यात आले. विल्क्स, व्हीलर व गिल यांनी १९५१ साली या पद्धतीविषयी ग्रंथ प्रसिद्ध केला. या संग्रहास ‘लायब्ररी’ असे नाव पडले. पण खंड हवा असल्यास त्याची प्रत स्वतःच्या फितीत उतरवून घ्यावी लागे. आज्ञावली यंत्रावर चढे तेव्हा तिचे सर्व भाग तिच्यातच असत. उणीव राहिलीच, तर तिचा शोध त्याच एका फितीत घ्यावयाचा असे.

पुढे ही स्थिती पालटली. १९६८ साली पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथील परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी आज्ञावल्यांचे सुटे भाग सूचीतून निवडता यावेत, अशा उद्योगाची कल्पना मांडली. भाग प्रत्यक्ष उतरवून न घेता केवळ त्याचे नाव नोंदवावे आणि आज्ञावली चालू असताना तो जोडावा, ही युक्ती त्याच दशकातील मल्टिक्स या प्रणालीत आली होती. १९८५ च्या विंडोजने ती वैयक्तिक संगणकावर रूढ केली. तेथे स्मृती अवघी २५६ किलोबाइट असली तरी भागवावे लागे. यास्तव एकच प्रत अनेकांनी वापरणे काटकसरीचे होते. या काटकसरीने नाव एकीकडे आणि वस्तू दुसरीकडे, अशी फारकत झाली. नवी आज्ञावली बसविताना सामाईक घटकाची वेगळी आवृत्ती जुनीवर लिहिली जाई, आणि कालपर्यंत चालणारी दुसरीच आज्ञावली बंद पडे. व्यावसायिकांनी या अवस्थेस ‘डीएलएल नरक’ असे नाव दिले.

संदेशाची दिशाभूल येथे स्पष्ट होते. ‘निर्दिष्ट मॉड्यूल सापडले नाही’ असा संदेश येतो, आणि त्यात निर्दिष्ट केलेली फाइल तर जागेवर असते. उणीव असते ती त्या फाइलीस लागणाऱ्या दुसऱ्या एखाद्या फाइलीची. तिचे नाव संदेशात येतच नाही. १९९३ च्या कॉम या पद्धतीत घटकास १२८ बिटांचा ओळखांक आला आणि त्याची नोंद रजिस्ट्रीत होऊ लागली. मग ‘वर्ग नोंदलेला नाही’ हे वाक्य परिचित झाले. ६४ बिटांच्या विंडोजवर तर ३२ बिटांच्या घटकांची नोंद वेगळ्या विभागात असते. घटक नोंदलेला असूनही ६४ बिटांच्या आज्ञावलीस तो दिसत नाही, आणि संदेश तोच येतो. तेथील ‘सिस्टिम३२’ या फोल्डरात ६४ बिटांच्या फाइली असतात. ३२ बिटांच्या फाइली ‘सिसवाव६४’ मध्ये असतात. जुने नाव टिकले, अर्थ बदलला.

उपायांचा इतिहास म्हणजे या अपुऱ्या वाक्यात एकेक पद भरण्याचा इतिहास होय. कोणत्या फाइलीस कोणती फाइल लागते, याचा वृक्ष ‘डिपेंडन्सी वॉकर’ या साधनाने दाखविला. २००२ च्या डॉटनेटमध्ये घटकाच्या पक्क्या ओळखीत नाव, आवृत्ती, भाषा-प्रदेश व सार्वजनिक कळीची खूण अशी चार अंगे आली. शिवाय जोडणी फसल्यास कोणकोणती स्थळे धुंडाळली, याची नोंद पाहण्याची सोय झाली. २००६ मध्ये आलेल्या ‘प्रोसेस मॉनिटर’ने कोणत्या प्रक्रियेने कोणती फाइल किंवा रजिस्ट्रीतील नोंद मागितली आणि काय उत्तर मिळाले, हे क्रमवार दिसू लागले. कर्ता, नाम व स्थल ही तिन्ही पदे अशा रीतीने हाती आली.

म्हणून दोषशोधकाने हरवलेल्या वस्तूकडे धाव घेण्यापूर्वी तिच्या शोधाचा वृत्तान्त वाचावा. संदेशातील नावाची फाइल कोठून तरी आणून बसविण्याची घाई केल्यास मूळ उणीव तशीच राहते, आणि परकी आवृत्ती घुसून नवा बिघाड उद्भवतो. ‘सापडला नाही’ याचा अर्थ ‘अस्तित्वात नाही’ असा नव्हे. शोध जेथे झाला तेथे, ज्या नावाने झाला त्या नावाने तो मिळाला नाही, एवढेच ते वाक्य सांगते.