कोबेहून आलेले छाप

या पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक चित्र मुठीत झाकून जाईल एवढंच आहे. साधारण साडेपाच सेंटिमीटर लांब आणि साडेतीन रुंद. जपानमधल्या कोबे-ओसाका परिसरात हे कागद छापले गेले, तिथल्याच काडेपेट्यांवर खळीनं चिकटवले गेले आणि बोटींनी मुंबई, कराची, कलकत्ता, मद्रास अशा बंदरांत उतरले. त्यांवर बासरी वाजवणारा कृष्ण आहे, सरस्वती आहे, गणपती आहे. हत्ती, वाघ, मोर, घड्याळं आणि हुक्का ओढणारे पुरुष आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून १९२०च्या दशकापर्यंत आपल्या पणजोबा-पणजीच्या चुलीशेजारी, देवघरात आणि कंदिलाच्या कोनाड्यात हे छाप होते. त्यांचा अभ्यास मराठीत सुरू व्हावा, आणि तो करायला पदवी लागत नाही, भिंग आणि चिकाटी पुरते, हे सांगण्यासाठी ही प्रस्तावना.

आधी व्यापार समजून घेऊ, कारण हे छाप व्यापारासाठी जन्मले. फ्रान्समध्ये शिकून आलेल्या शिमिझु माकोतो यांनी १८७६ मध्ये टोकियोत शिन्सुइशा हा काड्यांचा कारखाना काढला. काही वर्षांतच या धंद्याचं केंद्र पश्चिमेला, कोबे आणि ओसाकाकडे सरकलं. तिथे परदेशी बोटी लागणारं बंदर होतं, आणि पेट्या घडवण्याचं, छाप चिकटवण्याचं काम घरोघरी बायका-मुलं करत. माल मुख्यतः चीन, हिंदुस्थान आणि आग्नेय आशियात जाई. पहिल्या महायुद्धात स्वीडनचा माल येणं अवघड झालं, तेव्हा हिंदुस्थानच्या बाजारात जपानी पेट्यांचाच सुकाळ झाला.

गिऱ्हाईक दुकानात आलं की कारखान्याचं नाव घेत नसे. ते नाव त्याला वाचताही येत नसे. ‘घोडा छाप द्या’, ‘हत्ती छाप द्या’ एवढंच म्हणे. त्यामुळे चित्र हीच मालाची ओळख होती, आणि एकदा खपलेलं चित्र बदलणं व्यापाऱ्याला परवडत नसे. कोणतं चित्र चालेल हे पुष्कळदा इथला आयातदार ठरवी; काही छापांवर त्याचं नावही असतं. गाजलेल्या स्वीडिश छापांची रंगसंगती, चौकट, पदकांची ओळ जशीच्या तशी उचलण्याची चढाओढही याचमुळे चालली. नक्कल म्हणून हे छाप बाजूला ठेवणारे लोक मला भेटतात. मला मात्र या नकलाच सगळ्यांत बोलक्या वाटतात. कोणत्या वर्षी काय उचलावंसं वाटलं, यावरून त्या वर्षी काय खपत होतं हे कळतं.

देवांची चित्रं कोबेला कुठून पोचली, या प्रश्नात मराठी वाचकाचं घर गुंतलेलं आहे. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकारानं १८७८ मध्ये चित्रशाळा प्रेस सुरू झाला आणि देवादिकांची रंगीत शिळाछापाची चित्रं साध्या घरांच्या भिंतींवर आली. १८९४ मध्ये राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत निघाला. पुढे तो लोणावळ्याजवळच्या मळवलीला हलला आणि फ्रिट्झ श्लायखर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. लक्ष्मी आणि सरस्वतीचे जे चेहरे आज आपल्याला अनादि वाटतात, ते या छापखान्यांतून घराघरांत गेले. ही चित्रं स्वस्त होती, हलकी होती, व्यापाऱ्याच्या पत्रासोबत पाकिटात घालून समुद्रापार पाठवण्याजोगी होती. रविवर्म्यांची लक्ष्मी जपानी काडेपेटीवर दिसते तेव्हा मळवलीपासून कोबेपर्यंतची एक वाट तिच्यामागे असते, आणि ती वाट टप्प्याटप्प्यानं शोधून काढण्याचं काम अजून बरंच बाकी आहे.

अभ्यासाची पद्धत मी एका अगदी वेगळ्या छंदाकडून घेतली: जपानी बेसबॉलपटूंच्या जुन्या पत्त्यांकडून. जपानी मुलांचा मेन्को नावाचा एक जुना खेळ आहे. आपला पत्ता जमिनीवर असा आपटायचा की वाऱ्यानं समोरच्याचा उलटावा. उलटला की तो आपला. मातीचे मेन्को गेले, शिशाचे आले, मग जाड पुठ्ठ्याचे. दुसऱ्या महायुद्धानंतर त्यांवर बेसबॉलपटू अवतरले: लाल बॅटवाला कावाकामी, निळ्या बॅटवाला ओशिता, पुढे नागाशिमा आणि ओ. मागच्या बाजूला बहुधा दगड-कागद-कात्रीतली एखादी खूण आणि लढाईचा एक लांबलचक आकडा असे, म्हणजे त्याच पत्त्यावर आणखी दोन खेळ खेळता येत. आपल्याकडेही पोरांनी काडेपेटीचे छाप रिंगणात मांडून चपट्या दगडानं उडवले आहेत. दोन्हीकडच्या पोरांनी आपापले कागद इतके वापरले की धडके थोडेच उरले.

या मेन्कोंवर वर्ष छापलेलं नसतं. तरी त्यांचा काळ आज बऱ्यापैकी नेमका सांगता येतो, कारण काही माणसांनी बसून याद्या केल्या. गॅरी एंगेल या अमेरिकी संग्राहकानं जपानी बेसबॉल पत्त्यांची सूची केली, तिच्या आवृत्त्या काढत राहिला, आणि प्रत्येक संचाला अक्षरं आणि आकडा दिला. आयताकृती मेन्कोंची मालिका वेगळी, गोल मेन्कोंची वेगळी, ब्रोमाइड नावाच्या छायाचित्री पत्त्यांची वेगळी. त्यानंतर जगाच्या दोन टोकांना बसलेली माणसं एकाच पत्त्याबद्दल बोलू लागली. कालनिर्णयाच्या युक्त्याही साध्या आहेत. ग्रेट रिंग हा संघ १९४७ मध्ये नानकाई हॉक्स झाला; पत्त्यावर कोणतं नाव आहे ते पाहायचं. १९५० पासून दोन लीग झाल्या. लीगचं नाव असेल तर पत्ता त्यानंतरचा. खेळाडूनं संघ कधी बदलला ते पाहायचं. अशा तीन-चार खुणा एकत्र केल्या की एखादंच वर्ष उरतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की काडेपेटीच्या छापांना हीच शिस्त लावायला हवी. आपल्याकडे संग्रह आहेत, प्रदर्शनं होतात, देखणी पुस्तकंही निघतात. पण चित्र सुंदर आहे यापलीकडे छापाबद्दल फारसं लिहिलं जात नाही. हा कृष्ण आणि तो कृष्ण एकाच दगडावरून छापलेला आहे का, आधीचा कोणता, हे विचारायचं तर दोघांना क्रमांक हवेत. यादी नसेल तर प्रत्येक संग्राहक आपल्यापुरता नव्यानं सुरुवात करतो, आणि तो गेला की त्याची माहितीही जाते.

खुणा आपल्याकडेही आहेत. जपानमध्ये व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा पहिला नियम १८८४ मध्ये झाला. ‘ट्रेड मार्क’, ‘रजिस्टर्ड’ हे शब्द त्याच्या उजेडात वाचावेत. हिंदुस्थानात मालावरच्या खुणांचा कायदा १८८९ मध्ये आला, आणि माल कुठल्या देशाचा हे लपवणं व्यापाऱ्याला धोक्याचं झालं. ‘मेड इन जपान’ कुठे आणि किती मोठ्या अक्षरांत आहे हे पाहण्यासारखं असतं. पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर इथे १९१३ मध्ये बंदी आली, म्हणून छापावर काड्यांचा प्रकार लिहिला असेल तर तो टिपून ठेवावा. १९३४ मध्ये देशी पेट्यांवर अबकारी कर बसला आणि कराची पट्टी आली. तिच्या मागे-पुढे देशी छापांचा काळ लावता येतो.

आता एकच छाप भिंगाखाली धरू. सरस्वती बसलेली आहे, शेजारी मोर. रंग तीन: पिवळा, तांबडा आणि काळा. तांबडा रंग केसभर उजवीकडे सरकलाय, त्यामुळे पदराची कड हवेत आणि ओठ गालावर आले आहेत. वीणेचा भोपळा कारागिराला उमगलेला नाही. मागच्या खडकाचाच तो गोल भाग वाटतो. मोर मात्र अचूक आहे, पिसाऱ्यातला डोळा न् डोळा मोजून घ्यावा इतका. खाली देवनागरीत एक ओळ आहे. तिच्यातल्या अक्षरांवरची शिरोरेघ सलग नाही, प्रत्येक अक्षराला आपली वेगळी, आखूड रेघ आहे. देवनागरी लिहिणारा हात अशी रेघ ओढत नाही. समोर ठेवलेला नमुना चित्र म्हणून उतरवणाराच ती अशी ओढेल. छाप उलटा केला की पाठीवर खळीचे तपकिरी डाग आणि लाकडाचे दोन-तीन बारीक तंतू. म्हणजे हा पेटीवर चिकटलेला होता, कुणीतरी त्याच्या काड्या ओढल्या होत्या. छापखान्याच्या नमुनावहीतून आलेला कोरा कागद आणि हा वापरलेला कागद, दोघांची साक्ष वेगळी. पहिला काय छापलं ते सांगतो, दुसरा काय विकलं गेलं ते. संग्राहक कोऱ्याला जास्त मान देतात. माझा कल दुसऱ्याकडे आहे.

या छापांचा शेवट अचानक झाला. १९२२ मध्ये सरकारनं आयात काड्यांवर ग्रोसला, म्हणजे १४४ पेट्यांना, दीड रुपया जकात बसवली, आणि जपानी पेट्यांची आयात झपाट्यानं घसरली. जकात चुकवायचा सरळ मार्ग म्हणजे कारखानाच इथे आणणं. काड्यांचा स्वीडिश उद्योगपती क्रॉयगर याच्या कंपनीनं १९२३ मध्ये वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली. अंबरनाथकरांना ती ‘विमको’ म्हणून ठाऊक आहे. तिथल्या विमको नाक्याला नाव त्याच कारखान्याचं. त्याच सुमारास शिवकाशीहून अय्या नाडर आणि षण्मुग नाडर हे काड्या बनवायचं शिकायला कलकत्त्याला गेले आणि परतून त्यांनी आपल्या कोरडवाहू गावात धंदा उभा केला. पेट्यांना छाप हवेत म्हणून तिथे छापखाने आले, आणि पुढे शिवकाशी देशाची कॅलेंडरं छापू लागलं. छापाच्या कागदानं गावाचा धंदा ठरवल्याचं याहून ठसठशीत उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

हे सगळं काम बेंगळुरूत, एचएसआर लेआउटमध्ये बसून झालं. होसूर आणि सर्जापूर या दोन रस्त्यांवरून नाव पडलेली ही वसाहत आज संगणकाच्या कंपन्या आणि भाड्याच्या खोल्या यांनी भरली आहे. जुन्या कागदांचा शोध इथे घ्यावा असं कुणाला सुचणार नाही. पण मला लागणारी मदत इथेच मिळाली. आमच्या सेक्टरमधल्या मराठी, कन्नड, तमिळ मुलांनी छापांच्या प्रतिमा एकावर एक ठेवून फरक दाखवणारी सोय करून दिली, आणि दोन छाप एकाच दगडावरचे की नाहीत, हा डोळ्यांना थकवणारा प्रश्न सुटू लागला. कस्तुरबा रोडवरच्या ‘मॅप’ या संग्रहालयात कापडाच्या गाठींवरची रंगीत टिकिटं आणि काडेपेट्यांचे छाप हे चित्रकारांच्या कामाच्या बरोबरीनं जपलेले आहेत. मँचेस्टरच्या कापडाची टिकिटं आणि कोबेच्या काड्यांचे छाप हे एकाच बाजारपेठेसाठी काढलेले भाऊबंद आहेत. एकदा ते शेजारी ठेवून पाहावेत. ॲव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत अधूनमधून वहीत चिकटवलेले छाप निघतात. ती वही फोडू नये. कुणी, कशाशेजारी काय चिकटवलं, हीसुद्धा माहिती आहे.

पुस्तक छापताना दोन गोष्टींवर मी अडून बसले. पहिली, प्रत्येक छाप मूळ आकारातच छापायचा. मोठा केला की तो भिंतीवरच्या चित्रासारखा दिसतो, आणि एवढ्याशा जागेत सरस्वतीचे चार हात बसवणाऱ्याचं कसब दिसेनासं होतं. बारकावे वेगळ्या पानांवर वाढवून दिले आहेत. दुसरी, किमती द्यायच्या नाहीत. बेसबॉल पत्त्यांच्या सूच्यांत किमती असतात आणि त्यांनी तो छंद पसरवला हे खरं. पण आपल्याकडे नवे छापलेले, चहाच्या पाण्यात बुडवून जुने केलेले छाप बाजारात येऊ लागले आहेत. छापील भाव त्या धंद्याला हातभार लावेल.

नव्या वाचकानं कुठून सुरुवात करावी? घरातून. आजीच्या ट्रंकेत, बंद पडलेल्या किराणा दुकानाच्या माळ्यावर, पोथीत खूण म्हणून ठेवलेला एखादा छाप मिळेल. पेटीला चिकटलेला असेल तर ओढू नका, आणि जमलं तर पेटीसकट ठेवा. काढायचाच असेल तर रंग पाण्यात उतरतो का ते आधी ओल्या कापसाच्या टोकानं एका कोपऱ्यात पाहा. नाही उतरला तर कोमट पाण्यात तरंगू द्या, खळ आपोआप सुटेल. मग टीपकागदात घालून जड पुस्तकाखाली ठेवा. पारदर्शक चिकटपट्टी आणि प्लॅस्टिकचे अल्बम दोन्ही टाळा. नोंदीत लांबी-रुंदी, रंगांची संख्या, सगळा मजकूर जसा आहे तसा, अक्षरांच्या चुकांसकट, पाठीची अवस्था आणि तो कुठे मिळाला ते गाव, एवढं लिहिलं तरी पुरे.

पहिल्या दोन प्रकरणांत इतिहास आहे. घाई असलेल्यांनी थेट तिसऱ्यावर, खुणांच्या प्रकरणावर, जावं. सूची विषयवार लावली आहे: आधी देव, मग माणसं, मग प्राणी, शेवटी वस्तू. प्रत्येक विभागात मध्ये मोकळे क्रमांक ठेवले आहेत, म्हणजे वाचकांकडून येणारा नवा छाप त्याच्या भाऊबंदांशेजारी बसेल आणि जुने क्रमांक हलणार नाहीत. हत्तींच्या विभागात मोकळी जागा सगळ्यांत जास्त आहे, कारण सोंड वर, सोंड खाली, अंबारीसह, अंबारीशिवाय असे नवे प्रकार तिथेच सर्वांत भराभर सापडत आहेत.

एचएसआर लेआउट, बेंगळुरू