मोसंबी बाटलीत भरता येते का?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखाण.

सुरुवात घरापासून करतो. माझं गाव बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात. घरी दीड एकर मोसंबी. मी पुण्यात कोड लिहितो, दिवसाचे दहा तास खुर्चीत. तीन वर्षांत वजन १४ किलोने वाढलं. दिवाळीला गावी गेलो तेव्हा बॅगेत एक डबी होती: 'सिट्रस एक्स्ट्रॅक्ट, फॅट बर्नर'. ६० कॅप्सूल, ९०० रुपये, वर कापलेल्या संत्र्याचा फोटो. अण्णांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, "ह्यात आपली मोसंबी हाय का रं?" मी गप्प. तेवढ्यात आई म्हणाली, "मला पण दे दोन, माझंबी वजन वाढलंय." आईला बीपीची गोळी चालू आहे. खरं सांगू? ती डबी घेतल्यापासून कॉफीनंतर माझीच छाती धडधडत होती. म्हणून त्या रात्री लेबल नीट वाचलं, आणि वाचत वाचत मागे गेलो थेट १७४७ सालात.

तेव्हा लांबच्या प्रवासात खलाशी स्कर्वीने मरायचे. हिरड्यांतून रक्त, अंगात त्राण नाही. 'सॅलिस्बरी' या इंग्रज जहाजावर जेम्स लिंड नावाच्या डॉक्टरने १२ आजारी खलाशी घेतले, दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. सहा दिवसांत फळं संपली, पण तोवर त्यातला एक जण कामावर उभा राहिला होता. बाकी कुठल्याच जोडीत एवढा फरक दिसला नाही.

आता गंमत बघा. फळं जहाजावर टिकत नाहीत, म्हणून लिंडनेच सुचवलं की रस आटवून घट्ट करा आणि बाटलीत भरा. म्हणजे अर्कच की! पण आटवताना उष्णतेने त्यातलं क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट व्हायचं. ते त्याला कळणं शक्यच नव्हतं, कारण क जीवनसत्त्वाचा शोधच लागला विसाव्या शतकात. फळाने माणूस वाचला, बाटलीचा भरवसा राहिला नाही.

दुसरी गोष्ट आपल्या काळातली. अमेरिकेत वजन कमी करायच्या गोळ्यांत एफेड्रा नावाची वनस्पती असायची. हृदयविकार आणि मृत्यूच्या तक्रारी वाढल्या, आणि २००४ मध्ये तिथल्या एफडीएने तिच्यावर बंदी घातली. मग कंपन्यांनी काय केलं? कडू संत्र्याचा अर्क आणला आणि डब्यांवर 'एफेड्रा-मुक्त' असं छापलं. या अर्कात सिनेफ्रिन असतं. रचनेने ते एफेड्रिनचं जवळचं भावंड. नाडी आणि रक्तदाब वाढू शकतो, कॉफीसोबत तर जास्तच. वजन खरंच उतरतं, याचा पक्का पुरावा मात्र नाही. माझ्या डबीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं 'सिट्रस ऑरँटियम'. तेच ते कडू संत्रं. अण्णांच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं: ह्यात आपली मोसंबी नाही.

मग फळाने तरी वजन उतरतं का? २००६ साली अमेरिकेत ९१ जाड माणसांवर १२ आठवडे प्रयोग झाला. जेवणाआधी अर्धं ग्रेपफ्रूट खाणाऱ्यांचं सरासरी १.६ किलो उतरलं, कॅप्सूलवाल्यांचं १.१, आणि नुसती खोटी गोळी घेणाऱ्यांचं ०.३. म्हणजे तीन महिन्यांत दीड किलो. वाईट नाही, पण जादूही नाही. पोट आधीच थोडं भरलं की माणूस कमी जेवतो, हे आजीलाही माहीत होतं. आणि सावध राहा: हेच ग्रेपफ्रूट काही बीपीच्या आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांचा असर धोकादायक वाढवतं. आईला मी कॅप्सूल दिली नाही, यातच सगळं आलं.

आता परत बागेत. २०१२-१३ च्या दुष्काळात मराठवाड्यात कित्येकांनी टँकरच्या पाण्यावर मोसंबी जगवली, आणि ज्यांना ते झेपलं नाही त्यांनी आठ-दहा वर्षांची झाडं तोडून सरपणाला दिली. आमचीही अर्धी बाग तेव्हाच गेली. मोसंबीला बहर धरायला आधी ताण द्यावा लागतो: पाणी तोडायचं, झाड तहानलेलं ठेवायचं, मग फुलं येतात. ताण किती द्यायचा, हे अण्णा पानं बघून ठरवतात. त्याची कॅप्सूल निघत नाही.

व्यापारी बागेवर येऊन किलोला जो भाव सांगतो, त्याने ९०० रुपयांत आमच्या घरची कितीतरी किलो मोसंबी आली असती. आणि मी फोटोतल्या संत्र्यासाठी तेवढे पैसे दिले.

आता मी रोज संध्याकाळी ४० मिनिटं चालतो आणि मोसंबी सोलून, चोथ्यासकट खातो. रस काढला की चोथा गाळणीत राहतो आणि साखर ग्लासात उतरते. चार महिन्यांत तीन किलो उतरलेत. हळू आहे, पण छाती धडधडत नाही.

तुमच्या घरी अशी डबी असेल, तर आज लेबलची बारीक अक्षरं वाचा. घरात कुणाला बीपीची गोळी चालू असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. भेटू पुढच्या भागात!