आवाजाच्या अलीकडची गोळी

नंदुरबार जिल्ह्याच्या तळोदा तालुक्यातल्या रावलापाणीच्या खडकांवर आजही गोळ्यांच्या खुणा दाखवतात. २ मार्च १९४३ रोजी संत गुलाम महाराजांच्या आप धर्माच्या अनुयायांवर इंग्रजी अंमलाच्या बंदुका इथे चालल्या. त्याआधी जेमतेम सहा महिने, ९ सप्टेंबर १९४२ला, नंदुरबार शहरात शिरीषकुमार मेहता आणि त्याचे चार सोबती पोलिसांच्या गोळ्यांनी कोसळले होते. या जिल्ह्यात गोळी हा शब्द पहिल्यांदा आठवतो तो असा. मात्र गोळी या वस्तूचाही एक इतिहास आहे, आणि तो तिच्या आकारापेक्षा तिच्या वेगाचा जास्त आहे. खानदेशाने या वेगाच्या जवळपास सगळ्या पायऱ्या पाहिल्या आहेत.

सुरुवात तीरकामठ्यापासून करावी लागते. सातपुड्यातल्या भिलाचा बाण सेकंदाला जेमतेम पन्नास-साठ मीटर जातो. ज्याच्यावर सोडला त्याला तो अंगात घुसेपर्यंत कळत नाही, कारण कामठ्याचा आवाज काही पावलांवरच विरतो. १८१८मध्ये खानदेश कंपनी सरकारच्या हाती आला, तेव्हा या बिनआवाजी हत्याराने घाटवाटा अडवणारे भिल्ल नाईक ही सरकारची मोठी डोकेदुखी होती. १८२५मध्ये जेम्स औट्रमने भिलांचीच पलटण उभारली आणि तिचं ठाणं धरणगावला केलं. तीरकामठा चालवणाऱ्या हातांत ठासणीची बंदूक आली.

त्या बंदुकीची गोळी गोल आणि शिशाची. नळीतून निघताना ती आवाजाच्या पुढे धावायची खरी, पण गोल गोळीला हवा फार अडवते. पहिल्या शंभरेक मीटरांतच तिचा वेग ध्वनीच्या वेगाखाली यायचा. १८५७च्या सुमारास आलेल्या एन्फिल्डच्या नळीला आतून आटे होते आणि गोळी लांबट होती, सुमारे ३४ ग्रॅम वजनाची. हिचंच चरबी लावलेलं कागदी काडतूस पुढे देशभर गाजलं. पण तिच्यातही काळी दारूच होती, आणि तिचा वेग ध्वनीच्या अलीकडे-पलीकडेच घोटाळायचा.

११ एप्रिल १८५८ला सातपुड्यातल्या आंबापाणीला भीमा नाईक, खाज्या नाईक यांच्या भिलांची इंग्रजी फौजेशी लढाई झाली. अशा डोंगरी लढाईत या वेगाला फार अर्थ असतो. समोरच्या टेकडीवर, चारशे मीटरवर, बंदूक उडाली की पांढऱ्या धुराचा लोट तत्क्षणी दिसायचा. मग सेकंदाहून थोड्या जास्त वेळाने बार ऐकू यायचा आणि त्याच्या मागून गोळी. फरक सेकंदाच्या एका अंशाचा, पण डोंगरात वाढलेल्या माणसाला खडकाआड डोकं घालायला धूर दिसणंच पुरेसं. गोळी आवाजाच्या मागे होती, तोवर समोरच्याला थोडी तरी सूचना मिळत होती.

ही सूचना विज्ञानाने काढून घेतली. १८८४मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू शोधली. पाठोपाठ इंग्रजांनी कॉर्डाइट आणलं, आणि लष्करी रायफलीच्या गोळीने वेगात अशी उडी घेतली की मागचं सगळं पोरखेळ वाटावं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पक्की झालेली पॉइंट थ्री-नॉट-थ्रीची गोळी अकरा ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एन्फिल्डच्या एक तृतीयांश वजनाची. वेग मात्र सेकंदाला सुमारे ७४४ मीटर, ध्वनीच्या दुपटीहून जास्त. धूर नाही, आणि बार ऐकू येईस्तोवर गोळी पोचलेली. वाटेत ती हवेला चिरत जाते, त्यातून चाबकासारखा कडाका उठतो. सैनिक आधी हा कडाका ऐकतात, मग दुरून धप्प असा बार, आणि दोहोंमधल्या अंतरावरून शत्रू किती लांब आहे याचा अंदाज बांधतात.

पुण्याजवळच्या खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९पासून आहे. म्हणजे पितळी पुंगळीच्या काडतुसाचा जवळजवळ सगळा काळ मराठी मुलखाने पाहिला. दुसरा मोठा कारखाना खानदेशातच, भुसावळजवळच्या वरणगावला, १९६४चा. वरणगावात तयार होणारी ७.६२ आणि ५.५६ मिलिमीटरची काडतुसं सैन्याच्या आणि पोलिसांच्या रायफलींत जातात. २०२१पासून खडकी आणि वरणगाव दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीखाली आहेत. ही सगळी वेगवान काडतुसं. नेहमीचं ७.६२चं काडतूस साडेनऊ ग्रॅमची गोळी सेकंदाला ८४० मीटरच्या आसपास फेकतं.

एवढं सगळं केल्यावर माणसाला पुन्हा हळू जावंसं वाटलं, यात गंमत आहे. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी थ्री-नॉट-थ्रीच्याच सांगाड्यावर डी लाइल नावाची छोटी कार्बाइन बनवली. तिच्यात मुद्दाम पिस्तुलाचं पॉइंट फोर-फाइव्ह काडतूस घातलं, कारण त्याची जाड, जड गोळी मुळातच ध्वनीहून मंद. मोजक्याच बनलेल्या या बंदुका ब्रह्मदेशाच्या जंगलापर्यंत गेल्या. ज्याला आज सबसॉनिक म्हणजे ध्वनीहून मंद काडतूस म्हणतात, त्याची कल्पना इथे स्पष्ट दिसते. बंदुकीच्या तोंडाशी होणारा स्फोट सायलेन्सर दाबू शकतो. पण गोळी हवेत स्वतः जो कडाका करत जाते, त्यावर सायलेन्सरची काही मात्रा चालत नाही. तो थांबवायचा तर गोळीलाच ध्वनीच्या अलीकडे ठेवावं लागतं. सिनेमात सायलेन्सर लावला की कुठल्याही बंदुकीतून ‘फुस्स’ होतं, ते निव्वळ पडद्यावरचं.

या संथपणाची किंमत मोठी आहे. आजचं सबसॉनिक रायफल काडतूस साधारण चौदा ग्रॅमची जड गोळी सेकंदाला ३१० मीटरने सोडतं. गोळी दीडपट जड, पण ऊर्जा नेहमीच्या काडतुसाच्या पाचव्या हिश्श्याएवढी, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते आणि तशीच घटते. शंभर मीटरवर नेहमीची गोळी सात-आठ सेंटीमीटर खाली येते, ही जवळपास अर्धा मीटर. वर लांबट गोळीला हवेत स्थिर राहायला जास्त गिरक्या लागतात, म्हणून नळीतले आटेही अधिक आवळ घ्यावे लागतात. आणि दारू कमी म्हटल्यावर वायूच्या दाबावर आपोआप भरणारी रायफल कधी कधी पुढचं काडतूस ओढतच नाही. पुंगळी तशीच अडकून बसते.

शिवाय ध्वनीचा वेग कुठे एका जागी ठरलेला आहे? तो हवेच्या तापमानावर बदलतो. मे महिन्यात नंदुरबारच्या ४३ अंशांत आवाज सेकंदाला सुमारे ३५७ मीटर धावतो. सुमारे ११५० मीटर उंचीवरच्या तोरणमाळला हिवाळ्याच्या पहाटे पारा पाचवर आला तर तोच ३३४वर येतो. सेकंदाला ३४५ मीटर जाणारी गोळी नंदुरबारला उन्हाळ्यात मुकाट जाईल, आणि त्याच जिल्ह्यात, तोरणमाळच्या थंडीत, कडाका करेल. यात उंचीचा फारसा हात नाही, सगळा खेळ थंडीचा. म्हणून कारखानदार असं काडतूस ध्वनीच्या काठावर न ठेवता चांगलं खाली, ३१०-३२०वर, ठेवतात.

कायद्याच्या बाजूचं एका वाक्यात सांगायचं तर, १९५९चा शस्त्र कायदा बंदुकीचा आवाज किंवा लखलखाट कमी करणाऱ्या उपकरणालाही ‘अग्निशस्त्र’च मानतो. नुसता सायलेन्सर घरात सापडला तरी तो बंदूक सापडल्यासारखाच. ज्या डोंगरांत एके काळी बिनआवाजी बाणाची धास्ती होती, तिथे या कलमाचं फार नवल वाटू नये.

मग शांतपणे, उघडपणे, कोणाच्याही जिवावर न उठता संथ गोळी वापरतो कोण? नेमबाज. पॉइंट टू-टू लाँग रायफल हे छोटं काडतूस १८८७चं, आणि आज ऑलिम्पिकच्या पन्नास मीटर रायफल स्पर्धेत तेच चालतं. त्याची गोळी अडीच ग्रॅमहून थोडी जड, आणि स्पर्धेचं काडतूस ध्वनीच्या किंचित खाली ठेवलेलं. इथे कारण आवाज लपवण्याचं नसतंच. ध्वनीपेक्षा वेगाने निघालेली गोळी वाटेत त्या वेगाखाली येते, तेव्हा हवेचे धक्के तिला हलवतात. पन्नास मीटरवरच्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर. तिथे एवढं हलणंही महाग पडतं. त्याहून अजब गोष्ट वाऱ्याची. आडव्या वाऱ्यात वेगवान टू-टू गोळी मंद गोळीपेक्षा जास्त वाहवते. वारा गोळीला ढकलतो ते वेळेच्या हिशेबापेक्षा, हवेने तिचा वेग किती खाल्ला त्या हिशेबाने, आणि ध्वनीच्या वरचा वेग हवा फार लवकर खाते.

कोल्हापूरने या संथ गोळीचं सोनं केलं. तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला पन्नास मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेती झाली, आणि हा किताब मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ला पॅरिस ऑलिम्पिकच्या पन्नास मीटर तीन पोझिशनमध्ये ४५१.४ गुणांवर कांस्य आणलं. त्याआधी भारताला या प्रकारात ऑलिम्पिक पदक मिळालंच नव्हतं. गुडघ्यावर, पोटावर आणि उभं राहून, तिन्ही वेळा त्याने सोडलेली गोळी त्याच छोट्या पुंगळीतली.

या पातळीवर काडतुसाची निवड हा स्वतंत्र उद्योग असतो. एकाच कारखान्याच्या, एकाच नावाच्या दोन लॉटांतही वेगाचा बारीक फरक असतो, आणि प्रत्येक नळीला एखादाच लॉट मानवतो. म्हणून मोठ्या स्पर्धेआधी नेमबाज आपली रायफल चिमट्यात घट्ट बसवतात, एकामागून एक लॉटची काडतुसं झाडतात, कागदावरची भोकं मोजतात, आणि ज्याच्या गोळ्या सगळ्यांत लहान घोळक्यात पडतील त्याच लॉटची खोकी उचलतात.