मालगुंड येथील केशवसुत स्मारक : एक दर्शन

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदाही आमच्याकडे ज्ञातीतील कर्त्या पुरुषांचा परिचय लिहिण्याचे काम सोपविले होते. गेली काही वर्षे आम्ही ते यथामति करीत आलो आहो, व वाचकांनीही ते गोड मानून घेतले आहे. परंतु या खेपेस मंडळाची क्षमा मागून आम्ही थोडी निराळी वाट धरीत आहो. ज्यांच्याविषयी लिहावयाचे ते आपल्या ज्ञातीतील नव्हेत. तथापि ज्या प्रवासात आम्हांस त्यांच्या घरी जावयाचा योग आला, तो प्रवास ज्ञातिबांधवांच्या संगतीतच घडला, आणि तेथे आम्हांस विचारला गेलेला एक प्रश्न अद्याप आमचा पिच्छा सोडीत नाही. सबब हा लेख याच स्मरणिकेत यावा असे आम्हांस वाटले.

गेल्या माघात आपल्या मंडळाची सहल श्रीक्षेत्र गणपतीपुळे येथे गेली होती. आंबा घाट उतरून, हातखंब्यावरून निवळीफाट्यास वळून व जाकादेवी मागे टाकून आम्ही दुपारच्या आत पुळ्यास पोहोचलो. दर्शन, प्रदक्षिणा, प्रसाद हे सर्व यथासांग झाले. मंडळी समुद्रावर रमली. आम्ही मात्र मालगुंडास जाण्याचा बेत घरूनच करून निघालो होतो. गाव तेथून हाकेच्या अंतरावर. चालत गेले तरी फार वेळ लागत नाही. बरोबर कोण येणार असे विचारता मोठ्यांपैकी कोणी उठेना. अखेर आठवीत शिकणारा एक मुलगा, बहुधा आजीच्या नजरेखालून सुटण्याची संधी म्हणून, आमच्या मागे निघाला. वाटेत त्याने सरळ विचारले, "गुरुजी, हे कवी आपल्यातले का?"

आम्ही म्हटले, "नव्हेत."

"मग एवढ्या उन्हात कशाला?"

त्यास त्या वेळी आम्ही काय उत्तर दिले ते आता आठवत नाही, समाधानकारक नसावे.

कृष्णाजी केशव दामले, म्हणजेच कवी केशवसुत, यांचा जन्म १८६६ साली या मालगुंडात झाला. जन्मतिथीविषयी अभ्यासकांत एकमत नाही; ७ ऑक्टोबर ही तिथी सर्वसाधारणपणे मानली जाते. वडील केशवपंत हे गावच्या शाळेत शिक्षक होते. "केशवाचा सुत" एवढाच त्या टोपणनावाचा अर्थ. ज्या कवीने मराठी कवितेस नवे वळण दिले त्याने स्वतःची ओळख शिक्षकाचा मुलगा म्हणून सांगावी, याचे आम्हां शिक्षकांस कौतुक वाटल्यास नवल नाही. घरही असे की एक भाऊ मोरो केशव दामले यांनी १९११ साली "शास्त्रीय मराठी व्याकरण" हा ग्रंथ सिद्ध केला. ज्यांनी अध्यापन विद्यालयात व्याकरणाच्या पोटी रात्री जागविल्या आहेत त्यांस या ग्रंथाचे वजन सांगावयास नको. एकाच घरातून भाषेचे नियम सांगणारा व भाषेची जुनी चौकट मोडणारा असे दोघे निघाले, हा योग विरळाच.

केशवसुतांचे शिक्षण सलग झाले नाही. काही काळ बडोदे, काही काळ वऱ्हाड-नागपूर, व पुढे पुण्याचे न्यू इंग्लिश स्कूल, असे फिरत फिरत ते १८८९ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, मॅट्रिक झाले. नागपुरास नारायण वामन टिळकांचा स्नेह त्यांस लाभला. पुढील शिक्षण मात्र झाले नाही. आम्ही स्वतः जुन्या अकरावीचे मॅट्रिक. घरच्या अडचणीमुळे पुढे जाता आले नाही ही खंत आम्ही पुष्कळ वर्षे बाळगली. केशवसुतांचे चरित्र वाचल्यापासून ती बोलून दाखविण्याचे आम्ही सोडून दिले.

मॅट्रिकनंतर त्यांनी मुंबईत शिक्षकाच्या तात्पुरत्या नोकऱ्या व शिकवण्या करून संसार चालविला. आज कायम नेमणुकीची वाट पाहत वर्षे काढणारे आपले तरुण शिक्षक आहेत. त्यांनी मनात आणावे की १८९३ साली "तुतारी" लिहिणारा मनुष्य त्यांच्याच रांगेत उभा होता. १८९६ साली मुंबईत प्लेगने थैमान मांडले. केशवसुतांनी मुंबई सोडून खानदेशाची वाट धरली, व भडगाव आणि फैजपूर येथील शाळांत अध्यापन केले. १९०४ साली ते धारवाडच्या हायस्कुलात मराठीचे शिक्षक झाले. आता थोडे स्थैर्य आले असे वाटावे तोच, ज्या प्लेगमुळे मुंबई सोडली होती त्यानेच ७ नोव्हेंबर १९०५ रोजी हुबळी येथे त्यांस गाठले. वय अवघे एकोणचाळीस. पाठोपाठ काही दिवसांतच त्यांच्या पत्नीनेही इहलोक सोडला.

मागे राहिल्या त्या सव्वाशेहून थोड्या अधिक कविता, व त्याही पुस्तकरूपाने नव्हेत. हयातीत त्यांचा एकही संग्रह निघाला नाही. हरि नारायण आपटे यांच्या "करमणूक" पत्रात व अन्य नियतकालिकांत त्या विखुरलेल्या होत्या. हरिभाऊंनीच पुढे, मृत्यूनंतर दहा-अकरा वर्षांनी, "केशवसुतांची कविता" हे पुस्तक प्रसिद्ध केले. तेवढे घडले नसते तर आज मालगुंडास कशाचे स्मारक उभे राहिले असते, असा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

येथे जळगावच्या "काव्यरत्नावली"चा उल्लेख न करणे कृतघ्नपणाचे होईल. नारायण नरसिंह फडणीस या गृहस्थांनी १८८७ साली केवळ कवितेस वाहिलेले हे मासिक सुरू केले, आणि १९३५ पर्यंत म्हणजे जवळजवळ अर्धशतक चालविले. गद्याचा आधार न घेता, मुंबई-पुण्यापासून दूर असलेल्या गावातून, नुसत्या कवितेचे मासिक चालविणे हा व्यवहार खासच नव्हे. केशवसुतांच्या कविता त्यातही प्रसिद्ध झाल्या. त्याच जळगावात १९०७ साली कविसंमेलन भरले व त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या मुलास "बालकवी" ही पदवी मिळाली. केशवसुतांस जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. आम्हांस वाटते, कवितेचे घर मालगुंडास दगडविटांनी उभे राहिले ते १९९४ साली. परंतु त्याचा पाया कागदाच्या रूपाने जळगावात शंभर वर्षांपूर्वीच घातला गेला होता. आज जळगावातील एका चौकास काव्यरत्नावलीचे नाव आहे हे योग्यच झाले. मासिकाचे नाव चौकास दिल्याचे दुसरे उदाहरण निदान आमच्या ऐकिवात नाही.

आता स्मारकाकडे वळू. १९९० साली रत्नागिरी येथे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्षस्थानी कोकणचेच कथाकार मधु मंगेश कर्णिक होते. पुढे त्यांच्याच पुढाकाराने १९९१ साली कोकण मराठी साहित्य परिषद स्थापन झाली, आणि मालगुंडचे स्मारक हे तिने अंगावर घेतलेले पहिले मोठे कार्य होय. ८ मे १९९४ रोजी कुसुमाग्रजांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. कुसुमाग्रज तेव्हा ब्याऐंशी वर्षांचे होते, ज्ञानपीठाचा मान त्यांस मिळालेला होता, व नाशकाहून मालगुंड काही जवळ नव्हे. त्यांनी त्या प्रसंगी मालगुंडास मराठी कवितेची राजधानी म्हटले. राजधानी म्हटली की राजवाडा आला असे आमच्या सोबतच्या मुलास वाटले असावे, त्याने आत शिरताच इकडेतिकडे पाहिले आणि म्हणाला, "एवढेसे?"

खरोखरच एवढेसे. उतरत्या छपराचे, जुन्या वळणाचे एक कोकणी घर. ज्या घरी कवीचा जन्म झाला तेच जपून ठेविले आहे, आणि आत त्या काळच्या संसारातील वस्तू मांडल्या आहेत. देशावरच्या आपल्या वाड्यांची सवय असलेल्यास दारातून जाताना मान लववावी लागते. बाहेर आवारात केशवसुतांच्या कविता दगडावर कोरून उभ्या केल्या आहेत. आम्ही एकेका शिळेपुढे उभे राहून त्या मोठ्याने वाचल्या. वर्गाची सवय जात नाही. दोन प्रवासी कुतूहलाने थांबले व आम्ही थांबल्यावर निघून गेले.

परंतु आमचे मन खरे गुंतले ते आधुनिक मराठी कवींच्या दालनात आणि ग्रंथालयात. केशवसुतांच्या नंतर मराठीत जे जे कवी झाले त्यांची छायाचित्रे, माहिती व कविता त्या दालनात लाविलेल्या आहेत. स्मारक एकाचे, पण आदर त्याच्या साऱ्या गोतावळ्याचा. हे आम्हांस फार उचित वाटले. गोविंदाग्रजांनी तर केशवसुतांचे शिष्यत्व अभिमानाने मिरविले होते. येथे गुरु-शिष्य एका छपराखाली आहेत. कोणता कवी कोणत्या जातीचा, कोणत्या जिल्ह्याचा, याची वर्गवारी तेथे नाही. गंमत अशी की आम्ही ती मनातल्या मनात करू लागलो होतो! इतक्या वर्षांचे स्मरणिकालेखन अंगात मुरले आहे, दुसरे काय.

ग्रंथालयात पुस्तक मागितले आणि ते हाती मिळाले. वाचकांस यात सांगण्यासारखे काय असे वाटेल. म्हणून आमचा एक अपराध येथे कबूल करणे भाग आहे. एका गावी आम्ही अकरा वर्षे नोकरी केली, व तेथे शाळेच्या पुस्तकांचे कपाट आमच्या ताब्यात होते. पुस्तक हरवले तर डेडस्टॉक रजिस्टरास तोंड द्यावे लागते व भरपाई पगारातून जाते, या भीतीने आम्ही कपाटास कुलूप घातले. मुले मागत; आम्ही "तपासणी झाल्यावर देऊ" म्हणत असू. तपासण्या होत राहिल्या. बदलीचा हुकूम आला तेव्हा कार्यभार देण्यासाठी कपाट उघडले, तो खालचे दोन खण वाळवीने पोखरलेले. रजिस्टरात मात्र एकही पुस्तक कमी नव्हते. अशा मनुष्यास मालगुंडच्या त्या बाकावर बसून, न मागता कोणी चौकशी न करता, पुस्तक उघडताना काय वाटले असेल ते समव्यवसायी जाणतील. आपल्या ज्ञातिभवनात रंगमंचाशेजारी एक काचेचे कपाट आहे, हेही या ओघात आठवले. त्याची किल्ली सध्या आमच्याच घरी, देवघरातील फडताळात, आहे.

पुस्तक उघडले ते नेमके "अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न" या कवितेवर. ही कविता १८८८ सालची, म्हणजे केशवसुत मॅट्रिक होण्याच्याही आधीची. वाटेवर खेळणाऱ्या अस्पृश्य मुलांस, सावली पडेल म्हणून, दूर हो असे दरडाविले जाते, आणि त्यातील एक मूल घरी जाऊन आईस याचे कारण विचारते. एवढाच प्रसंग. लिहिणारा बावीस वर्षांचा, कोकणातील ब्राह्मण घरातला. पुढे १८९८ सालच्या "नवा शिपाई"त त्याने स्वतःवरील जातिपंथाची सर्व बंधने झुगारून दिली हे पुष्कळांस ठाऊक असते. पण त्याच्या दहा वर्षे आधी त्यास एका मुलाचा प्रश्न ऐकू आला होता, इकडे लक्ष कमी जाते. "तुतारी" आम्ही पाठ्यपुस्तकातून वर्षानुवर्षे शिकविली, हावभावासह म्हणवून घेतली, स्नेहसंमेलनात समूहगायनास लाविली. ही दुसरी कविता मात्र वर्गात एकदाही वाचली नाही. ती अभ्यासक्रमात नव्हती, हे खरे. परंतु आम्ही अभ्यासक्रमाबाहेरचे पुष्कळ शिकवीत असू, हेही तितकेच खरे.

त्या मुलास आम्ही ती हलक्या आवाजात वाचून दाखविली. भाषा जुनी, चार ठिकाणी अर्थ सांगावा लागला. ऐकून झाल्यावर त्याने विचारले, "मग आपण त्यातले कोण? ती मुले, की दूर हो म्हणणारे?"

आम्ही पुस्तक परत केले. अभिप्रायाच्या वहीत नाव, गाव व "निवृत्त शिक्षक" एवढे लिहिले; पुढील रकाना कोराच राहिला. परतताना मुलगा पुढे आणि आम्ही मागे. नैर्ऋत्येच्या वाऱ्यास उद्देशून केशवसुतांनी जन्मभूमीच्या ओढीने कविता लिहिली आहे. त्या दिवशी समुद्राकडून वारा बरा सुटला होता, तो नेमका कोणत्या दिशेचा हे काही आम्हांस ठरविता आले नाही.

मोटार साखरप्याच्या पुढे आली तेव्हा दिवे लागले होते. मागच्या बाकावर मुलगा आजीस दुपारची हकीगत सांगत होता, आणि आम्ही डोळे मिटून ऐकत होतो. त्याने कवितेची गोष्ट नीट सांगितली. आम्ही सांगितली त्याहून चांगली. मग आपला प्रश्नही आजीपुढे टाकला. म्हातारी बराच वेळ बोलली नाही. घाटाची वळणे सुरू झाली. मग ती म्हणाली, "बाळा, पाटलाच्या वाड्यावर आम्हांला वरून ओंजळीत पाणी घालीत. आणि आमच्या दारी जे येत, त्यांना मी तसेच घालीत असे. तांब्या एकच होता आमच्याकडे, वरून घालायचा. तुझ्या आजोबांनी पुढे तो मोडीत दिला."

"का दिला?" मुलाने विचारले.

"भोक पडले होते त्याला," ती म्हणाली, व खिडकीची काच लावून घेतली.