बेळ्ळंदूर

बंगळूर महानगराच्या आग्नेय भागातील उपनगर आणि त्याला लागून असलेले त्याच नावाचे तळे (१२° ५६' उ., ७७° ४०' पू.). सुमारे ९०० एकर विस्ताराचे हे तळे शहरातील सर्वांत मोठे मानले जाते. उपनगर सर्जापूर रस्ता व बाह्य वर्तुळाकार मार्ग यांच्या परिसरात पसरले असून सेलमकडे जाणाऱ्या लोहमार्गावर बेळ्ळंदूर रोड हे स्थानक आहे.

बंगळूर शहर पठाराच्या उंचवट्यावर वसलेले असल्याने मोठ्या नदीचा आधार त्याला नव्हता. संस्थापक केंपेगौडाच्या काळापासून शहर तळ्यांवर जगले. एक तळे भरले की कोडीवरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी खालच्या तळ्यात उतरायचे. हलसूर, अगरा अशा तळ्यांच्या साखळ्या कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्यातून बेळ्ळंदूरला येऊन मिळतात. येथून पाणी वर्तूर तळ्यात आणि पुढे दक्षिण पिनाकिनी नदीत जाते. ही नदी तमिळनाडूत तेनपेण्णै नावाने वाहते व कडलूरजवळ बंगालच्या उपसागराला मिळते. नदीकाठच्या गावांना पाणी वरून येते. बेळ्ळंदूर मात्र ते नदीला पुरवते. या गावाची भरभराट आणि त्याची दैना, दोन्ही शहराखालच्या या सखल जागेतून आल्या आहेत.

पूर्वी तळ्याखालच्या जमिनीत भात व भाजीपाला, वरकस जमिनीत नाचणी होई, मासेमारीही चाले. या भागातील तळ्यांचे पाणी वाटणारा गावकामगार म्हणजे नीरगंटी. धुळे–नाशिककडच्या फड पद्धतीत पाटकरी जे करतो, तेच त्याचे काम : तूबू (मोरी) उघडायची, पाळीप्रमाणे शेत भिजवायचे, पाणी पुरणार नसेल तर आधीच सांगायचे. त्याला मोबदला धान्यात मिळे. नळाचे पाणी आले, शेते बिनशेती झाली आणि हा माणूस अनावश्यक ठरला. तळ्याकडे रोज पाहणारी नजर त्याच्याबरोबर गेली. हे नुकसान मोठे आहे.

तळ्याच्या उत्तरेला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना व विमानतळ आहे. सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या साहाय्याने विमानांचा हा कारखाना काढला. दुसऱ्या महायुद्धात तेथे दुरुस्तीसाठी येणारी कॅटलिना जातीची विमाने बेळ्ळंदूरच्या पाण्यावर उतरत. एवढ्या आकाराची विमाने उतरू शकतील इतके खोल व मोकळे पाणी तेव्हा येथे होते, हे आज मुद्दाम सांगावे लागते.

ग्रामपंचायत असतानाच बेळ्ळंदूरने नाव कमावले. १९९८ च्या सुमारास करवसुली व जमिनीच्या नोंदी संगणकावर आणणाऱ्या देशातील पहिल्या काही पंचायतींत तिची गणना होते. त्यानंतर इकोस्पेस, इकोवर्ल्ड यांसारखी माहिती-तंत्रज्ञान संकुले उभी राहिली. २००७ मध्ये ११० गावे बंगळूर महापालिकेत आली, त्यांत बेळ्ळंदूर होते. इमारती मात्र मलवाहिन्यांच्या कितीतरी आधी आल्या, आणि वरच्या शहराचे सांडपाणीही येथेच येत राहिले. शहराचे सुमारे ४० टक्के सांडपाणी या तळ्याच्या वाट्याला येई.

परिणाम सगळ्या देशाने पाहिला. साबण व धुण्याच्या पावडरींतील रसायने पाण्यात साठतात. तळ्याच्या यमलूर गावाकडच्या बाजूला कोडीवरून पाणी कोसळले की ती घुसळली जाऊन फेस तयार होतो. पावसात गाळ ढवळला गेला की तो अधिकच वाढतो. पांढरे, उग्र वासाचे लोट वाऱ्याने उडून दुचाकीस्वारांच्या अंगावर येत. ते अडवण्यासाठी काठाला उंच जाळ्या लावाव्या लागल्या. मे २०१५ मध्ये फेसच पेटला. फेब्रुवारी २०१७ व जानेवारी २०१८ मध्येही तळ्यात आगी लागल्या. २०१८ ची आग विझवायला लष्कराचे जवान उतरले.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने प्रकरण स्वतःहून हाती घेतले. न्या. संतोष हेगडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि डिसेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारला ५० कोटी रुपयांचा दंड केला. सुधारणेच्या कामासाठी ५०० कोटी रुपये वेगळे ठेवण्यास सांगितले. शहरातील तळ्यांभोवती ७५ मीटर जागा मोकळी ठेवण्याचा न्यायाधिकरणाचा आदेश मात्र २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही.

सप्टेंबर २०२२ च्या अतिवृष्टीत बाह्य वर्तुळाकार मार्गावरची संकुले पाण्यात गेली आणि संगणक अभियंते ट्रॅक्टरमधून कामावर गेले. राजकालुवे, म्हणजे तळी जोडणारे मोठे नाले, बांधकामांनी अरुंद केल्यावर पाण्याला दुसरी वाट नव्हती.

कोरमंगल–चल्लघट्ट खोऱ्यातील प्रक्रिया केलेले सांडपाणी २०१८ पासून कोलार जिल्ह्यातील कोरड्या तळ्यांत सोडले जाते. तेथील भूजल त्यामुळे वर आले. पण दोन टप्प्यांची शुद्धी पुरेशी नाही, तिसरा टप्पाही हवा, ही तिकडच्या शेतकरी कार्यकर्त्यांची मागणी आहे आणि ती रास्त आहे. बेळ्ळंदूर तळ्यात येणारे सांडपाणी वळवून गाळ काढण्याचे काम बंगळूर विकास प्राधिकरणाने हाती घेतले. काढलेला गाळ शेतात टाकण्याजोगा आहे की नाही, हा प्रश्न त्यातूनच पुढे आला, कारण शहराच्या सांडपाण्यातले जड धातू त्यात उतरलेले आहेत.